ओंटारिओत गाडीचं लायसन्स: भारतातून निघण्याआधीपासून पक्क्या परवान्यापर्यंत

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन किंवा वॉटर्लू, कुठेही नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला घर, बँक, सिम कार्ड यांच्या पाठोपाठ एकच प्रश्न पडतो: लायसन्सचं काय? काहींना ते दोन-तीन महिन्यांत मिळतं, काही जण वर्षभर लटकतात. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेला माणूस मागे राहतो आणि नवशिका पुढे जातो, असंही पाहिलं आहे. इथे अनुभव किती आहे यापेक्षा तो दाखवता किती येतो याला महत्त्व आहे. आधी खिडकीवर, कागदावर. मग परीक्षेच्या वेळी, शेजारी बसलेल्या परीक्षकाला. या दोन्ही ठिकाणी आपली माणसं अडकतात, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी रचना समजून घ्या. कारसाठी तीन पायऱ्या आहेत. जी-१ म्हणजे आपल्याकडचं लर्निंग, ते लेखी परीक्षेवर मिळतं. जी-२ हा मधला टप्पा, त्यावर एकट्याने गाडी चालवता येते. जी म्हणजे पक्कं लायसन्स. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा काही देशांच्या लायसन्सची ओंटारिओ थेट अदलाबदल करून देतं. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. मात्र भारतातला अनुभव सिद्ध केला तर टप्प्यांमधली सक्तीची वाट बघणं वाचतं. मुंबईहून न्यू जर्सी आणि तिथून टोरोंटो असा प्रवास झाला असेल, तर तिथलं चालू लायसन्स जपून आणा, अदलाबदलीचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे.

१. भारतातून निघण्याआधी आरटीओचं पत्र घ्या

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त लोक विसरतात तेही हेच. तुमचं लायसन्स खरं आहे, कधीपासून आहे आणि कोणत्या वाहनासाठी आहे, हे सांगणारं अधिकृत पत्र ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथून मिळतं. खिडकीवर याला 'डीएल एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. लायसन्सच्या कामांसाठी असलेल्या सरकारी 'सारथी' पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. पत्र इंग्रजीत हवं. महाराष्ट्रातल्या कार्यालयात ते मराठीत किंवा अर्धं मराठीत हाती पडू शकतं, म्हणून अर्ज देतानाच इंग्रजीत मागा. त्यात नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर, वाहनाचा प्रकार, मूळ तारीख, मुदत आणि लायसन्स चालू असल्याचा उल्लेख, शिवाय सही-शिक्का हे सगळं आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचून बघा.

तीन गोष्टी मुद्दाम तपासा.

पहिली, वाहनाचा प्रकार. आपल्याकडे बरेच जण कॉलेजात असताना गिअरच्या दुचाकीचं लायसन्स काढतात आणि चारचाकी त्यावर पुढे कधीतरी चढवतात. कार्डावर या दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात. ओंटारिओला कारच्या परवान्यासाठी हलक्या मोटार वाहनाची, म्हणजे एलएमव्हीची तारीख लागते. दुचाकीवरची आठ वर्षं इथे उपयोगाची नाहीत.

दुसरी, नूतनीकरण. नवं कार्ड आलं की त्यावरची ठळक तारीख बघून लायसन्स कालपरवाचंच वाटतं. मूळ तारीख पत्रात स्पष्ट यायला हवी. शिवाय अनुभव मागच्या तीन वर्षांतला लागतो. लायसन्सची मुदत संपून कपाटात पडलं असेल तर आधी ते चालू करून घ्या.

तिसरी, नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची यात फार ओढाताण होते. लायसन्स माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या आडनावाने, आणि मधे वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव. इथल्या कर्मचाऱ्याला 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' ही आपली पद्धत माहीत नसते, त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. शक्य असेल तर निघण्याआधी लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. नाहीच जमलं तर विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत सोबत ठेवा.

पत्र न घेताच आला असाल तरी दार बंद झालेलं नाही. टोरोंटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून असं प्रमाणपत्र मिळवता येतं. पण त्यासाठी तुमच्या लायसन्सची नोंद सारथीवर दिसायला हवी. जुनं पुस्तकाच्या आकाराचं लायसन्स असेल तर ती नोंद बहुधा झालेलीच नसते. अशी जुनी नोंद मागाहून चढवण्याला आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. घरच्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन ते काम लावून घ्या. लांबून हे काम रेंगाळतं, म्हणून पुन्हा सांगतो, विमानात बसण्याआधीच उरका.

२. पहिले ६० दिवस

ओंटारिओत राहायला आल्यापासून ६० दिवस चालू भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. त्यानंतर इथलंच हवं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट वर्षभराचं आहे म्हणून वर्षभर चालेल, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. इथे राहायला आलेल्यांना ६० दिवसांचीच सवलत आहे, परमिट असो वा नसो. तीन महिन्यांसाठी भेटीला आलेल्या आई-बाबांची गोष्ट वेगळी: पाहुण्यांना तीन महिन्यांपर्यंत आपल्या देशाच्या लायसन्सवर गाडी चालवता येते.

इथे एक खाच आहे. लेखी परीक्षा पास होऊन जी-१ हातात आलं की त्या क्षणापासून जी-१ चे नियम लागू होतात. म्हणजे शेजारच्या सीटवर किमान चार वर्षांचा अनुभव असलेला पक्का लायसन्सधारक हवा, मध्यरात्री १२ ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही, आणि ४०० च्या मालिकेतले (४०१, ४०३ वगैरे) हायवे, क्यूईडब्ल्यू (क्वीन एलिझाबेथ वे), डॉन व्हॅली पार्कवे, गार्डिनर एक्स्प्रेसवे असे वेगवान रस्ते बंद. हायवेवर जायचं तर फक्त परवानाधारक ड्रायव्हिंग प्रशिक्षक शेजारी असताना. कामावर जायला रोज एकट्याने गाडी न्यावी लागत असेल, तर घाईने पहिल्याच आठवड्यात जी-१ काढू नका. ६० दिवसांचा हिशेब मांडून, रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख साधारण केव्हाची मिळते आहे ते बघून मग लेखीला जा.

३. लेखी परीक्षा

वाहतूक मंत्रालयाची 'ड्रायव्हर्स हँडबुक' नावाची पुस्तिका इंटरनेटवर फुकट वाचता येते. सरावाच्या प्रश्नांची ॲप ढीगभर आहेत, पण नुसत्या ॲपवर विसंबू नका. पुस्तिका एकदा शांतपणे, पेन्सिल हातात घेऊन वाचा, कारण पुढच्या परीक्षेतही तीच उपयोगी पडते.

प्रश्न ४०: वीस चिन्हांचे, वीस नियमांचे. दोन्ही भागांत वेगवेगळे किमान १६ बरोबर यावे लागतात. एकात २० आणि दुसऱ्यात १५ आले तरी नापास. परीक्षा हिंदी आणि पंजाबीतही देता येते, मराठीत नाही. माझं मत विचाराल तर इंग्रजीतच द्या. रस्त्यावरच्या पाट्या आणि परीक्षकाच्या सूचना इंग्रजीत असणार आहेत आणि हिंदी भाषांतरात ओळखीचे शब्दही अनोळखी होतात.

ही परीक्षा 'ड्राइव्हटेस्ट' केंद्रावर होते. सोबत न्यायचं ते असं:

- मूळ पासपोर्ट
- पीआर (कायम वास्तव्याचं) कार्ड किंवा पीआर झाल्याचं कागदपत्र, अथवा वर्क परमिट किंवा स्टडी परमिट
- मूळ भारतीय लायसन्स
- आरटीओचं किंवा दूतावासाचं मूळ पत्र
- नावात फरक असेल तर विवाहाचा दाखला
- चष्मा, कारण त्याच वेळी यंत्रात डोळे लावून नजर तपासतात आणि चष्मा लागत असेल तर तशी नोंद लायसन्सवर होते

फी सुमारे १६० डॉलर. त्यात लेखी परीक्षा, जी-२ ची रस्त्यावरची एक परीक्षा आणि पाच वर्षांचं लायसन्स येतं. फोटोकॉपी किंवा फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही.

४. खिडकीवर अनुभव सांगताना

या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण, आणि तो दोन मिनिटांत निघून जातो. कर्मचारी विचारतो, परदेशातला अनुभव किती? तुम्ही सांगाल ते फॉर्मवर जातं, तुम्ही सही करता, आणि मागाहून ते बदलणं शक्य नाही असंच धरून चाला. म्हणून उत्तर घरूनच ठरवून जा.

पत्र नसेल तर नुसत्या लायसन्सवर जास्तीत जास्त १२ महिन्यांचा अनुभव सांगता येतो. त्याने जी-१ वरची १२ महिन्यांची वाट वाचते आणि जी-२ ची परीक्षा लगेच देता येते. पण जी-२ मिळाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी पुढे वर्षभर थांबावं लागतं.

पत्र असेल आणि त्यात मागच्या तीन वर्षांतला २४ महिन्यांचा अनुभव दिसत असेल, तर थेट जी ची परीक्षा देता येते. संधी मात्र एकच. त्यात नापास झालात तर आधी जी-२ पास व्हावं लागतं, मग पुन्हा जी.

मग थेट जी द्यावी का? भारतात रोज कार चालवत होता, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्याची सवय आहे आणि इथे प्रशिक्षकासोबत हायवेचा सराव करायची तयारी आहे, तर जरूर द्या. पक्कं लायसन्स असलं की इन्शुरन्सच्या हप्त्यातही फरक पडतो. पण कार शनिवार-रविवारपुरती बाहेर काढत असाल, किंवा उजव्या बाजूने चालवताना अजून दचकायला होत असेल, तर पत्र हातात असूनही आधी जी-२ द्या. त्यात कमीपणा काही नाही. पत्र असल्यामुळे पुढे वर्षभर थांबायची सक्तीही राहत नाही.

१२ महिन्यांचाही अनुभव नसेल तर जी-१ वर १२ महिने काढावे लागतात. मान्यताप्राप्त शाळेचा नवशिक्यांचा कोर्स केला तर आठ. या कोर्समुळे इन्शुरन्समध्ये सवलतही मिळू शकते.

५. क्लास लावाच

'मला गाडी येते, क्लास कशाला?' हा विचार महाग पडतो. गाडी येते हे खरं, पण हात-पाय-डोळे डावीकडच्या वाहतुकीत घडलेले असतात. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे आणि वायपरचा डावीकडे असतो, इथे उलट. पहिले काही दिवस वळताना काचेवर वायपर फिरतात. घरी चालतं, परीक्षेत चालत नाही. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर जातो, हे तर धोक्याचंच. डावा पाय बाजूला टेकवून ठेवायची सवय पहिल्या तासातच लावा.

मंत्रालयाचा परवाना असलेलाच प्रशिक्षक घ्या आणि तो परवाना दाखवायला सांगा. हिंदी-पंजाबी बोलणारे प्रशिक्षक ब्रॅम्प्टन-मिसिसागात भरपूर आहेत. फी ठरवताना परीक्षेच्या दिवशी गाडी देणार का, त्याचे वेगळे पैसे किती, आणि जी द्यायची असेल तर हायवेवर किती वेळा नेणार, हे आधी स्पष्ट करून घ्या. काही जण परीक्षा केंद्राच्या आसपासचा ठरावीक रस्ता घोकून घेतात. मला ते पटत नाही. रस्ता बदलला, एखादं खोदकाम निघालं, की पाठांतर तिथेच संपतं.

६. परीक्षकाला काय दिसायला हवं

आपले जुने चालक नापास होतात ते याच ठिकाणी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टॉपची पाटी. आपल्याला थांबल्यासारखं करून पुढे जायची सवय असते. इथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, तेही पांढऱ्या रेषेच्या आधी. गाडी खरोखर थांबते तेव्हा तिचं नाक आधी किंचित खाली जातं आणि मग मागे येऊन स्थिरावतं. तो मागचा हलका झोका अंगाला जाणवेपर्यंत ब्रेकवरचा पाय सैल करू नका. मग डावीकडे, समोर, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघा आणि निघा. रेषेवरून दिसत नसेल तर सावकाश पुढे सरकून परत थांबा. रस्ता पूर्ण रिकामा असला तरीही हेच करायचं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, पंधरा वर्षं गाडी चालवलेले, एका शांत वसाहतीत अशाच रिकाम्या कोपऱ्यावर न थांबता पुढे सरकले आणि तिथेच नापास झाले.

चारही बाजूंना स्टॉपच्या पाट्या असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी जातो. दोघे एकदमच आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. आपला नंबर आला की रेंगाळू नका, उगाच दुसऱ्याला हात दाखवून पुढे पाठवणं हाही गोंधळच.

मान वळवणं. लेन बदलताना, वळताना, कडेला थांबून पुन्हा निघताना क्रम ठरलेला आहे: आतला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, आणि मग खांद्यावरून मान वळवून मागे नजर. आरशात न दिसणारा कोपरा फक्त मान वळवूनच दिसतो. तुम्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलंत तर परीक्षकाच्या लेखी बघितलंच नाही. मान दिसेल अशी वळवा, पण स्टिअरिंग तिच्याबरोबर वळू देऊ नका.

वळण. डावीकडे वळताना आपण समोरून येणाऱ्यांच्या आडवे जातो, त्यामुळे हिरवा दिवा असला तरी समोरच्यांना आधी जाऊ द्यायचं. डावीकडे वळून डाव्या लेनमध्ये आणि उजवीकडे वळून उजव्या लेनमध्येच शिरायचं. मोकळी दिसते म्हणून थेट पलीकडची लेन धरणं ही चूक आपल्याकडून फार होते. लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, मनाईची पाटी नसेल तर, पण आधी पूर्ण थांबूनच.

पादचारी. पाटी आणि खुणा असलेल्या पादचारी क्रॉसओव्हरवर आणि शाळेजवळच्या क्रॉसिंगवर माणूस पूर्ण रस्ता ओलांडून फूटपाथवर पोचेपर्यंत थांबायचं, असा १ जानेवारी २०१६ पासून नियम आहे. तो अर्ध्यावर गेला म्हणून त्याच्या मागून गाडी काढायची नाही.

स्कूल बस. पिवळी बस लाल दिवे चमकवत थांबली की दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात. मध्ये दुभाजक असेल तर समोरून येणाऱ्यांना सूट आहे. मागच्यांनी किमान २० मीटर अंतर ठेवायचं. पहिल्याच वेळी ४०० ते २,००० डॉलर दंड आणि सहा डिमेरिट पॉइंट (नियम मोडल्याबद्दल लायसन्सच्या नोंदीत चढणारे दोषांक). मुलं त्या बसमधून उतरून धावत रस्ता ओलांडतात, कारण गाड्या थांबणारच हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. आपलीही मुलं उद्या त्याच बसमधून उतरणार आहेत.

याशिवाय जी-२ च्या परीक्षेत समांतर पार्किंग, तीन टप्प्यांत गाडी फिरवणं, कडेला थांबणं यांची तयारी ठेवा. चढावर कर्बच्या (फूटपाथच्या उंच काठाच्या) कडेला थांबलात तर चाकं डावीकडे, उतारावर उजवीकडे वळवायची. जी च्या परीक्षेत हायवेवर शिरणं, लेन बदलणं आणि बाहेर पडणं असतं. रॅम्पवर, म्हणजे हायवेला जोडणाऱ्या रस्त्यावर, वेग वाढवायला घाबरून हायवेच्या तोंडाशी गाडी हळू करणं ही तिथली मोठी चूक. आपल्याकडे सर्व्हिस रोडवरून अंदाज घेत शिरतो तसं इथे चालत नाही, रॅम्पवरच वाहतुकीच्या वेगाला पोचायचं.

७. तारीख घेताना आणि परीक्षेच्या दिवशी

तारीख ऑनलाइन मिळते. मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर ती लांबची असते. ऑरेंजव्हिल, ग्वेल्फ अशी बाहेरची केंद्रंही बघा आणि रद्द झालेल्या जागांसाठी अधूनमधून पान उघडत राहा. पैसे घेऊन लवकरची तारीख देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तारीख रद्द करायची किंवा बदलायची तर ४८ तास आधी, नाहीतर अर्धी फी जाते.

अर्धा तास आधी पोचा. गाडी तुमची तुम्हाला न्यावी लागते. तिचे ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न आणि काच ठीक आहेत ना, हे आदल्या रात्री बघा. दिवा गेलेला असेल तर परीक्षाच होत नाही. जी साठी एक घोषणापत्र भरावं लागतं, त्यात मागच्या तीन महिन्यांत हायवेवर किती वेळा गाडी चालवली ते विचारतात. सराव अपुरा असेल तर परीक्षा न घेता परत पाठवतात आणि अर्धी फी बुडते.

परीक्षक फारसं बोलत नाही, हसतही नाही. त्यावरून काही अंदाज बांधू नका. एखादी चूक झाली तर ती तिथेच सोडा आणि पुढच्या चौकाकडे लक्ष द्या. नापास झालात तर मिळणाऱ्या कागदावर चुका लिहिलेल्या असतात, तो कागद जपून ठेवा आणि प्रशिक्षकाला दाखवा. पास झालात तर तात्पुरतं कागदी लायसन्स लगेच मिळतं आणि प्लास्टिकचं कार्ड काही आठवड्यांत पोस्टाने घरी येतं.

८. इन्शुरन्स, आणि त्यानंतरचं

गाडी घेण्याआधी इन्शुरन्सचा आकडा काढा, नंतर नको. टोरोंटो परिसरात, विशेषतः ब्रॅम्प्टनमध्ये, हप्ता कधीकधी इतका असतो की गाडीच्या कर्जाच्या हप्त्याला मागे टाकतो. पत्त्यानुसार दर बदलतो, त्यामुळे घर बघताना हाही विचार करा. भारतातल्या विमा कंपनीकडून 'नो क्लेम'चं पत्र आणून ठेवा. बहुतेक कंपन्या ते धरत नाहीत, काही धरतात, म्हणून चार ठिकाणी विचारा. विंटर टायर बसवले तर सवलत मिळते, तीही मागून घ्या.

जी-१ किंवा जी-२ वर असताना गाडी चालवत फोन हातात दिसला तर पहिल्याच दोषसिद्धीला दंड आणि ३० दिवस लायसन्स बंद. याच दोन टप्प्यांत दारूचा एक थेंबही चालत नाही. रात्रीच्या जेवणाला कुणाकडे जाणार असाल तर परत गाडी कोण चालवणार, ते घरून निघतानाच ठरवा.

भाड्याचं घर बदललंत तर नवा पत्ता ६ दिवसांच्या आत कळवायचा असतो. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे, सामानाची खोकी उघडण्याआधी करून टाका. आणि पाच वर्षांच्या आत जी पर्यंत पोचायचं आहे, हे लक्षात असू द्या. जी-२ वर सगळं सुरळीत चाललं की पुढची परीक्षा विसरायला होते. लायसन्सवरची मुदत बघून त्याच्या वर्षभर आधीची आठवण फोनमध्ये लावा, कारण शेवटच्या महिन्यांत तारीख मिळेलच याचा भरवसा नसतो.